झेंडी कोणाच्या हातात

मोनाली वर्गात चौथ्या पोराला चावली, तेव्हा शाळेच्या मोठ्या मॅडमनी तिच्या आईला, मायाला, समोर बसवून स्वच्छ सांगितलं, "अब एक बार भी काटा, तो टीसी ले जाइए." म्हणजे शाळेतून नाव कमी. गुढियारी वस्तीतली ही तिसरी हिंदी शाळा. चौथी शाळा पोरीला दारात उभी करेल, अशी आशा मायाला नव्हती. आठ वर्षांची पोर घरी कशी बसवायची?

तशी मोनाली लाघवी. पण गोंगाट वाढला, कोणी धक्का दिला, की तिचं डोकं फिरायचं. मग डबा भिरकावणं, ओरबाडणं, चावणं. शेजारच्या विमलाबाई फुकटचे सल्ले द्यायला एका पायावर तयार. "दोन ठेवून दे, सुधर जाएगी." मायानं दोन काय, दहा ठेवून पाहिल्या होत्या. पोरगी सुधारली नाही, मायाचा हात तेवढा दुखला. नंतर मोरीत बसून ती रडली, ते विमलाबाईंना कुठं ठाऊक!

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राग चढायच्या आधीची एक खूण ठरवा. आता खूण म्हटल्यावर या घरात लाल झेंडीशिवाय दुसरं काय निघणार! सासरे दयाराम तीस वर्षं मालगाडीवर गार्ड होते. मायानं लाल रुमाल काढला आणि मोनाली तापली की तिच्यापुढं हलवू लागली. पोरगी आणखीच भडकली. तिसऱ्या दिवशी तिनं रुमाल दातांनी फाडला.

दयाराम खाटेवरून सगळं पाहत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"माया, झेंडी तू काहून धरून राहिली? ज्याले धोका पहिले दिसते, त्याच्या हाती झेंडी पाहिजे. धोका तर पोट्टीले दिसते."

"मंग मी काय करू, मामाजी?"

"थांबायचं. लाल दिसला का गाडी पहिले थांबते. काहून दाखवला, ते मंग विचारायचं."

नवा रुमाल मोनालीच्या खिशात गेला. ती तो वर करायची आणि माया असेल तिथं थांबायची. दोनदा फोडणी जळाली, एकदा दूध उतू गेलं. पण पंधरा दिवसांत घरात कोणाला दात लागला नाही. मायानं शाळेत जाऊन वर्गशिक्षिका सरोजिनी मॅडमना सगळं समजावलं: रुमाल दिसला की तिला नळापाशी जाऊ द्या, पाच मिनिटांत शांत होऊन परत येईल. मॅडम म्हणाल्या, "ठीक है."

गुरुवारी शाळेतून फोन आला. "तुरंत आइए. काट लिया है."

माया धावतच मोठ्या मॅडमच्या खोलीत पोहोचली. टेबलावर टीसीचा अर्ज काढून ठेवलेला. "किसको काटा?" तिनं विचारलं.

सरोजिनी मॅडमनी मान वर केली नाही. "खुद को."

मग हळूहळू कळलं. मॅडम फळ्याकडे तोंड करून गणित लिहीत होत्या. मागची पोरं मोनालीच्या वेण्या ओढत होती. मोनाली शेवटच्या बाकावर उभी राहिली आणि तिनं रुमाल वर धरला. मॅडम वळल्या नाहीत. अख्खं गणित लिहून होईपर्यंत तिचा उजवा हात वरच होता. डाव्या हाताचं मनगट तिनं तोंडात धरलं होतं.

मोठ्या मॅडमनी अर्ज उचलून ड्रॉवरमध्ये टाकला.

मोनाली बाहेर बाकड्यावर बसली होती. मनगटावर दातांच्या दोन रांगा, सुजलेल्या. मायाला भडभडून आलं. पोरगी मात्र रडत नव्हती. मुठीत रुमाल होता आणि ती मायामागून बाहेर आलेल्या सरोजिनी मॅडमकडे सरळ पाहत होती.

"मैंने लाल दिखाया था, मैडम. आप रुकी क्यों नहीं?"

मॅडम वळल्या. त्या वर्गात गेल्या, मोनालीचं दप्तर शेवटच्या बाकावरून उचललं आणि पहिल्या बाकावर आणून ठेवलं.