बशीतला चहा

एकोणीसशे बहात्तर साली रुग्णालयाच्या धुलाईघरात मुकादमाची जागा निघाली. रोग्यांच्या चादरी धुणारी, सगळ्यांची 'चादरीवाली', ते काम कधीपासून करतच होती. नाव तेवढं लागायचं राहिलं होतं.

माणसं निवडणाऱ्या साहेबांची एक रीत होती. मुलाखतीत ते चहा मागवायचे आणि समोरचा तो कसा पितो ते बघायचे. चादरीवालीने चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि फुर्रकन घोट घेतला. साहेबांनी पुढचा प्रश्नच विचारला नाही. जागा मिळाली ती कप अलगद धरणाऱ्या एका नवख्या माणसाला.

"मनाला लावून घेऊ नकोस गं," धुलाईघरात घड्या घालणारी, सगळे जिला आत्या म्हणत, ती म्हणाली.

"मनाला कशाला लावू? गाठ मारून ठेवलीय."

तो नवखा वर्षभरात पळाला. हो-नाही करता करता चादरीवाली मुकादम झाली, आणि साहेब निवृत्त झाल्यावर माणसं निवडायलाही तीच बसू लागली. चहाची रीत तिने मोडली नाही.

मग एक दिवस त्याच साहेबांची मुलगी मुलाखतीला आली. वडील अंथरुणाला खिळलेले, घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. असलंच काम आधी दुसरीकडे केलेलं, उत्तरं चोख. आत्याने चहा आणून ठेवला. मुलीने कप उचलला, जराही आवाज नाही. बापाचाच हात. चादरीवालीच्या आतला जुना जाळ भडकला, आणि तिला बरं वाटलं.

"नाही चालायची," मुलगी बाहेर पडताच ती म्हणाली.

"का? आलेल्यांत तीच बरी होती की."

"कप कसा धरला बघितलंस? असल्या नाजूक हातांना रोग्यांच्या चादरी उचलवतात होय?"

आत्या कप गोळा करता करता थांबली. "मग साहेब तरी वेगळं काय बघायचे गं?"

चादरीवाली खिडकीशी गेली. खिडकीतून मुलगी फाटकाकडे जाताना दिसत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तिने खिडकी लावून घेतली.

साहेब त्याच हिवाळ्यात गेले. मुलगी परगावी कुठेशी नोकरीला लागली म्हणे. पुढे काही कानावर आलं नाही. आत्याने मुलाखतीचा चहा न्यायचं सोडलं, घड्या तेवढ्या घालत राहिली.

चादरीवालीचा निरोप समारंभ थाटात झाला. नवे साहेब म्हणाले, "बाईंना माणूस बघताक्षणी कळायचा." टाळ्या झाल्या. आत्या तेवढी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती.