हुकूम जसाच्या तसा

दवंडीवाल्या जैतूला वाचता येत नव्हतं, म्हणून जव्हारहून वांगणीपर्यंत सबंध वाट त्याने हुकूम घोकला. संस्थानचे नवे कारकून मागून चालत त्याची एकेक चूक पकडत होते. मागच्या दवंडीत जैतूने पदरचे शब्द घातले, तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, "पुन्हा अशुद्ध बोललास तर पट्टा काढून घेईन." त्या पितळी बिल्ल्याच्या पट्ट्यावर जैतूच्या घरातली पाच तोंडं जेवत होती.

विहिरीपाशी बाया जमल्या. जैतूने डफ वाजवला आणि एका दमात ओरडला, "विषूचिकेच्या प्रादुर्भावास्तव सदरहू कूपातील जलप्राशन निषिद्ध करण्यात येत आहे होऽ!"

एक अक्षर चुकलं नाही. कारकुनांनी मान डोलावली. बायांनीही डोलावली, सरकारचं काही असलं की मान डोलवायची, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग त्यांच्यातली लाडकी पुढे झाली आणि तिने मडकं विहिरीत सोडलं.

जैतूने वळून कारकुनांकडे पाहिलं. पटकीने आठवड्यात शेजारच्या पाड्यावरची चार माणसं नेली होती, म्हणून तर आसपासच्या सगळ्या विहिरी बंद करायच्या होत्या. कारकून शांतपणे कागदाची घडी घालत होते. जळो ती घडी! मडकं भरून वर आलं. लाडकीने तिथेच ओंजळ भरून तोंडाशी नेली.

"नको पेव, बाय! हिरीचा पानी नका पेव! हागवन लागल, मरशाल! झऱ्याचा आना!"

लाडकीने ओंजळ झटकली. बाया घाबरून मागे सरल्या.

कारकुनांनी हात पुढे केला. जैतूने पट्टा काढून दिला. घरी काय सांगायचं, या विचाराने त्याला रडू येत होतं.

पुढच्या पाड्यावर जैतूने नुसता डफ वाजवला आणि कारकुनांनी हुकूम स्वतः वाचला, स्वच्छ आणि शुद्ध. सगळ्यांनी मान डोलावली. एका म्हातारीने विहिरीत दोर सोडला. त्यांनी पुन्हा वाचला, आणखी मोठ्याने. दोर खाली सरकतच राहिला. कारकुनांनी कागद खाली केला. जैतूने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी तेच ओरडले, "आजी! हिरीचा पानी नका पेव! मरशाल!"

उच्चार पार पुणेरी होता. तरी म्हातारीचे हात जागीच थांबले.

कारकुनांनी पट्टा जैतूच्या हातात ठेवला आणि हळूच विचारलं, "बरोबर म्हटलं ना रे मी?"