मधल्याची तक्रार मी लिहिली होती

मित्रांनो, मला जुना म्हणा, ठोकळा म्हणा, अगदी भंगार म्हणा, मी मनाला लावून घेत नाही. मी टेबलावरचा एक साधा संगणक आहे आणि मला तेरा वर्षे झाली आहेत. आमच्यात तेरा वर्षे म्हणजे पिकले पान. तरीही एका मोठ्या दवाखान्यातले तीन दांडगे सर्व्हर दिवसभर मला आपली खबरबात कळवत असतात आणि मी ती एकही ओळ न गाळता लिहून ठेवतो. हे काम माझ्याइतके चोख करणारा या इमारतीत दुसरा कोणी नाही. तुम्हाला बढाई वाटेल, पण खरे ते सांगायला कसली लाज?

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्यात एकेक भाग बसवला. शेवटी एका चष्मेवाल्या तपासनीसाने मला दोन दिवस सलग चालू ठेवून पाहिले. मी चांगलाच तापलो, पण अडलो नाही. त्याने माझ्या पाठीवर हिरवी चिठ्ठी चिकटवली आणि मला खोक्यात घातले.

तिथून मी या दवाखान्यात एक्स-रे विभागाच्या खिडकीशी आलो. खिडकीबाहेर रुग्णांची रांग आणि माझ्यासमोर नोंदणी करणाऱ्या बाई. बाई बोलायला फटकळ, पण माझ्यावर त्यांचा जीव होता. रोज सकाळी त्या ओल्या फडक्याने माझा पडदा पुसायच्या आणि शेजारणीला सांगायच्या, “माणसं रजा घेतात गं, हा घेत नाही.” नऊ वर्षे मी खरोखरच एकही रजा घेतली नाही. मग बाई निवृत्त झाल्या, पातळ अंगाचे नवे संगणक आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. माझ्या डोक्यावर कोणीतरी जळक्या ट्यूबलाइटांचा खोका ठेवला. तिथे मी दोन वर्षे धूळ खात पडलो होतो. खोटे कशाला सांगू, त्या दिवसांत मला फार वाईट वाटे.

आता त्या तीन सर्व्हरांची ओळख करून देतो. तळमजल्यावरच्या थंड खोलीत, लोखंडी कपाटात ते एकावर एक बसलेले असतात. सगळे त्यांना थोरला, मधला आणि धाकटा म्हणतात. त्यांची गंमत अशी की एकेकाच्या पोटात दहा-बारा संगणक राहतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण काम अगदी खऱ्यासारखे करतात. कोणी रक्ततपासणीचे अहवाल सांभाळतो, कोणी औषधांचा साठा, कोणी डॉक्टरांच्या वेळा. एका घरात दहा बिऱ्हाडे असावीत, तसा हा कारभार. घरच आडवे झाले की दहाही बिऱ्हाडे एकदम उघड्यावर येतात.

या तिघांना एक खोड होती. दिवसभर काय काय घडले ते सगळे लिहीत. अशा नोंदींना लॉग म्हणतात. पण ते लिहीत स्वतःच्या चालत्या मेमरीत, म्हणजे बंद करून पुन्हा चालू केले की सगळे साफ. आणि दवाखान्यातली रीत अशी की यंत्र अडले की आधी बटण दाबून बंद-चालू करायचे, मग विचार करायचा. ज्याने काय झाले ते सांगायचे, त्याचीच पाटी आधी पुसायची! एवढी शिकलेली माणसे, पण हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

एका मंगळवारी, भर गर्दीच्या वेळी मधला अचानक बंद पडला. रक्ताचे अहवाल दिसेनासे झाले. शस्त्रक्रियेची तयारी झालेले दोन रुग्ण नुसते वाट पाहत राहिले. सर्व्हरची खोली सांभाळणाऱ्या ताई धावत आल्या आणि त्यांनी रीतीप्रमाणे बटण दाबले. मधला उठला, पण त्याला काही म्हणजे काही आठवेना. मग सगळ्यांची नजर वायरमनकाकांकडे वळली. ते दर मंगळवारी खोलीबाहेरचा विजेचा बोर्ड तपासत आणि त्या दिवशीही त्यांनी तो तपासला होता. झाले, खापर फोडायला डोके मिळाले. ‘विजेच्या कामामुळे बंद’ असा अहवाल तयार झाला, खाली ताईंनी सही केली आणि काकांना लेखी ताकीद मिळाली.

काकांची नोकरी एकतीस वर्षांची. निवृत्तीला एक वर्ष उरले होते आणि तोवर त्यांच्या नावावर एक डाग नव्हता. त्यांनी आरडाओरडा केला नाही. ताईंना एवढेच म्हणाले, “ताई, मी बोर्डाला हात लावायच्या आधीच आतल्या यंत्रांचा आवाज बदलला होता. पण माझ्या कानांना पुरावा कोण मानणार?”

ताईंना ते लागले. त्याच आठवड्यात त्या जिन्याखाली आल्या, माझ्यावरचा खोका उचलला आणि मला झटकून तळमजल्यावर नेले. मला नवी मोठी डिस्क बसवली. मग तिन्ही सर्व्हरांच्या सेटिंगमध्ये माझा पत्ता लिहिला. अर्थ असा, की जे काही घडेल ते तिथल्या तिथे मला कळवायचे. पुढे सर्व्हर पडला काय आणि उठला काय, नोंद माझ्याकडे शाबूत.

मी कान टवकारून बसलो. दीड दिवस गेला तरी एक ओळ आली नाही. ताईंनी माझी वायर बदलली, मला दोनदा चालू-बंद केले, माझ्याकडे संशयाने पाहिले. मला थोडा राग आला, कारण माझे काही चुकले नव्हते. शेवटी त्यांनी कपाळावर हात मारला. “अगं बाई! नोंदी पाठवायला सांगितलं, पण यांचं बाहेर जायचं दारच उघडलं नाही मी!” प्रत्येक सर्व्हरला स्वतःची एक राखण असते आणि ती परवानगीशिवाय काहीही बाहेर जाऊ देत नाही. ताईंनी परवानगी दिली आणि माझ्याकडे ओळींचा लोंढा सुरू झाला. ताईंनी तिघांकडूनही एकेक ओळ मुद्दाम पाठवून पाहिली: ‘ऐकू येतंय का?’ मी तिन्ही ओळी लिहिल्या. ताई खुदकन हसल्या.

माझी पद्धत सांगतो. प्रत्येक ओळीपुढे मी घड्याळातल्या दोन वेळा लिहितो. एक, पाठवणाऱ्याने सांगितलेली. दुसरी, ती ओळ माझ्याकडे पोचली तेव्हाची, माझ्या घड्याळाप्रमाणे. माझे घड्याळ कधी पुढे-मागे होत नाही, त्याची काळजी मी घेतो.

सात आठवडे मी लिहीत राहिलो. त्यातल्या शेवटच्या अकरा दिवसांत मधला कुरकुर करू लागला. ‘चौथ्या खाचेतल्या मेमरीत चूक झाली, दुरुस्त केली.’ पहिल्या दिवशी ही ओळ एकदा आली, मग रोज वीसदा, मग शेकड्याने. मी सगळ्या लिहिल्या. पण मला तोंड नाही. आणि ताई? त्या प्रिंटर, पासवर्ड आणि दिवसभर वाजणारे फोन यांत बुडून गेल्या होत्या. माझ्याबद्दल कोणी विचारले की म्हणायच्या, “नोंदी जमा होतायत ना, झालं तर मग.” सात आठवड्यांत मला कोणी एकदाही उघडून पाहिले नाही.

आणि एका मंगळवारी मधला पुन्हा पडला. मंगळवारी दवाखान्यात सगळ्यात जास्त गर्दी, त्यामुळे मधल्यावर भारही सगळ्यात जास्त. काकांची फेरीही मंगळवारचीच. अधीक्षकसाहेब तरातरा खाली आले. कोणी म्हणे अहवाल साडेअकराला बंद झाले, कोणी म्हणे पावणेबाराला. साहेबांनी शहानिशा केलीच नाही. “काका, चौकशी होईपर्यंत तुम्ही घरी बसा,” ते म्हणाले. काकांनी टेस्टर आणि पकड टेबलावर ठेवली, डबा उचलला आणि ते निघून गेले. त्यांचा चेहरा मला पाहवला नाही.

ताई माझ्यासमोर येऊन बसल्या. मधल्याने पाठवलेली शेवटची ओळ त्यांनी काढली. त्यावर मधल्याने सांगितलेली वेळ होती अकरा बेचाळीस. काकांच्या वहीत बोर्ड उघडल्याची वेळ होती अकरा चाळीस. साहेब ताईंच्या खांद्यावरून वाचत होते. “बघा! तुमचं यंत्रच सांगतंय. आता आणखी काय हवं?”

ताईंचा चेहरा पडला. मी मात्र मुळीच डगमगलो नाही. पुढचा रकाना वाचा, ताई, पुढचा रकाना, असे मी मनात म्हणत होतो. ताईंनी पडद्यावरचा मजकूर बाजूला सरकवला आणि त्या एकदम ताठ बसल्या. “साहेब, थांबा. ही ओळ या जुन्या संगणकाकडे अकरा पंचवीसला पोचलीये. घडायच्या आधी कशी पोचेल?” त्या उठून मधल्याकडे गेल्या. त्याचे घड्याळ सतरा मिनिटे पुढे होते. थोरल्याचे आणि धाकट्याचे घड्याळ त्यांनी माझ्याशी जुळवून घेतले होते, मधल्याचे राहून गेले होते. म्हणजे काकांनी बोर्डाला हात लावण्याआधी पंधरा मिनिटे मधल्याने मान टाकली होती.

“पण मग तो पडला कशानं?” साहेबांनी विचारले. ताई वरच्या ओळी वाचू लागल्या. चौथी खाच, चौथी खाच, चौथी खाच. “मेमरी खराब झालीये, साहेब. म्हणूनच पडला तो.”

साहेबांनी स्वतः फोन करून काकांना बोलावले. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. त्यांनी चष्मा लावला आणि माझ्या पडद्यावर बोट फिरवत सगळे सावकाश वाचले. साहेब म्हणाले, “काका, कालचा आदेश रद्द. आधीची ताकीदही पुराव्याशिवाय दिलेली, तीही मागे घेतो.” मला वाटले, आता काका खूश होतील. ते खूश झाले नाहीत. त्यांनी विचारले, “म्हणजे हा बिचारा अकरा दिवस सांगत होता?”

“हो,” ताई म्हणाल्या.

“मग कुणी वाचलं कसं नाही?”

ताईंनी मान खाली घातली नाही. “वाचायचं काम माझं होतं, काका. मी वाचलं नाही. आणि पहिल्या अहवालावर सही पण माझीच, तीही न बघता केलेली. तुम्हाला माझ्यामुळे घरी बसावं लागलं. माझं चुकलं.”

 काका चष्मा खिशात ठेवत म्हणाले, “एकतीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं, ताई.” त्यांनी टेबलावरून आपला टेस्टर उचलला आणि ते बोर्डाकडे गेले.

मधल्याची मेमरी त्याच दिवशी बदलली. पुढच्या वर्षी काका कोऱ्या कागदासारख्या स्वच्छ नावाने निवृत्त झाले. त्या गोष्टीला आता वर्ष होत आले आणि मी अजून लिहितोच आहे.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, माझी डिस्क काठोकाठ भरू देऊ नका, घड्याळे जुळवून ठेवा. पण एवढ्यावर थांबू नका. मी अकरा दिवस एकही चूक न करता लिहिले, तरी एका सरळ माणसाला डबा उचलून घरी जावे लागले. म्हणून हात जोडून सांगतो, मला रोज वाचा. लिहिण्यात मी कधी कमी पडणार नाही, वाचायला मात्र माणूसच लागतो.

आज सकाळी धाकट्याने आपल्या एका पंख्याबद्दल तक्रार केली आहे. मी ती दोन्ही वेळांसकट लिहून ठेवली आहे. नऊला पाच मिनिटे कमी आहेत. नवाच्या ठोक्याला ताई येतील, खुर्ची ओढतील आणि सगळ्यात आधी मला उघडतील.