चंदेरी की घोगरी

पार्लरमध्ये खुर्च्या तीन होत्या, आणि त्यांतली एकच खिडकीजवळ होती. तिथे उजेड चांगला पडे. शिवाय नवी गिऱ्हाईक बाई दारातून आत आली की सरळ तिथेच जाऊन बसे. ती खुर्ची सासूबाईंची. गुडघे ऐकेनासे झाले तेव्हा त्यांनी जाहीर केलं, की आता आपण गल्ल्यावर बसणार आणि खुर्ची दोघी सुनांपैकी एकीला देणार. कोणाला, ते सांगितलं नाही.

लग्न झाल्यापासून थोरलीने मागच्या ट्यूबलाइटखाली उभं राहून केस कापले होते. आता पाळी आपलीच, असं ती धरून चालली होती. धाकटीच्या मते खिडकीत तिचंच काम शोभलं असतं. पण हे त्या एकमेकींना बोलून दाखवत नसत. त्या गाण्यांवरून भांडत.

त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत दोन पॉप गायिका गाजत होत्या. एक चंदेरी बूट घालून नाचत गायची. तिला सगळे चंदेरीच म्हणत. दुसरीचा आवाज बारमाही सर्दी झाल्यासारखा, ती घोगरी. थोरली चंदेरीच्या बाजूची, धाकटी घोगरीच्या.

"ताई, तुमची चंदेरी गायची कधी? जे काय करायचे ते बूटच करायचे."

"आणि तुझ्या घोगरीच्या कॅसेटबरोबर खोकल्याच्या गोळ्या द्यायला हव्या होत्या."

"लोक वेडे होते तिच्यासाठी."

"घशाचे डॉक्टर असतील. बाकीचे चंदेरीसाठी वेडे होते."

गल्ल्यावरून सासूबाई म्हणाल्या, "लोकांचं लोकांनाच विचारा की. आपापल्या गिऱ्हाइकाला विचारायचं. जिची गायिका जिंकेल, तिची खुर्ची."

मतदान सुरू झालं. थोरलीच्या खुर्चीत मुख्याध्यापिका बसल्या होत्या. त्या स्पष्टवक्त्या म्हणून प्रसिद्ध होत्या. "मला दोघीही सहन व्हायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. कपाळावरच्या बटांजवळ आलेली कात्री हवेत थांबली. मुख्याध्यापिकांनी आरशात पाहिलं. "तशी चंदेरी बरी होती," त्या म्हणाल्या.

आठवडा संपला तेव्हा थोरलीच्या खुर्चीतली झाडून सगळी मतं चंदेरीला पडली होती आणि धाकटीच्या खुर्चीतली घोगरीला. मग सासूबाईंनी गिऱ्हाइकांची अदलाबदल करायला लावली. त्यामुळे केसांना रंग लावायला आलेल्या मुख्याध्यापिका या वेळी धाकटीच्या हाती सापडल्या.

"घोगरी," धाकटीने विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या. "काय तो आवाज."

"बाई, मागच्या वेळी तर तुम्ही चंदेरी म्हणालात," थोरली शेजारच्या आरशातून म्हणाली.

"मागच्या वेळी माझ्या डोळ्यांवर केस आले होते."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "जिच्या हातात आपलं डोकं, तिच्या तोंडावर कोण खरं बोलणार? आता मीच विचारते. जाताना, इथे गल्ल्यावर."

गल्ल्यावरचा निकाल एकतर्फी लागला. जिंकली फुलवाली.

"कोण फुलवाली?" धाकटीने विचारलं.

"केसांत कागदी फूल लावून गायची ती," सासूबाई म्हणाल्या. "लोक विसरलेले नाहीत तिला."

"आई, तिची एकच कॅसेट आली होती," थोरली म्हणाली. "तीसुद्धा दुकानदार दुसरीवर फुकट द्यायचा."

"लोकांनी कौल दिलाय. आणि फुलवाली माझी, म्हणजे खुर्चीही माझीच राहिली. गुडघ्यांचं बघू."

दुसऱ्या दिवशी धाकटी केर काढत गल्ल्यापर्यंत गेली आणि तिथेच रेंगाळली. पर्सवर केस पडू नयेत म्हणून गिऱ्हाइकांच्या पर्सा गल्ल्यामागे ठेवायची या पार्लरची पद्धत होती. निघालेल्या बाईने पर्सला हात घातला, पण पट्टा सासूबाईंच्या मुठीत होता.

"फुलवाली आठवते ना?" सासूबाईंनी मायेने विचारलं.

"कोण?"

"फुलवाली." पट्टा सुटेना. "फार गोड गायची."

"हो, हो. तीच सगळ्यांत चांगली," बाई म्हणाली. पट्टा सुटला.

धाकटी केरसुणी घेऊन तडक मागे गेली आणि थोरलीच्या कानाला लागली. गाण्यांचा विषय न काढता त्या दोघी इतका वेळ बोलल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. थोरली शेवटी एवढंच म्हणाली, "त्यांचे केस रंगवायला झालेत."

सासूबाई बाहेरच्या कोणाला आपल्या केसांना हात लावू देत नसत. रविवारी पार्लर बंद करून त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या, चष्मा काढला, गळ्याभोवती कापड बांधून घेतलं. थोरलीने मुळांपासून टोकापर्यंत काळाभोर रंग लावला. धाकटी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभी राहिली. बराच वेळ गेला.

"अगं, धुवा आता. टाळूला चावायला लागलाय."

"धुऊ की, आई," धाकटी म्हणाली. "आधी एक विचारायचं होतं. ही खुर्ची एक दिवस ताईंची आणि एक दिवस माझी, असं ठरवलं तर कसं?"

"लोकांचा कौल—"

"लोकांना पर्सा मिळाल्या," थोरली म्हणाली. "कापड सैल करू का, की राहू दे?"

सासूबाईंनी आरशात पाहिलं. चष्म्याशिवाय त्यांना फक्त दोन धूसर आकृत्या दिसल्या, एकमेकींना खेटून उभ्या.

"उद्यापासून," त्या म्हणाल्या.

"पहिला दिवस ताईंचा," धाकटी म्हणाली.

"बरं, तिचा. पण फुलवाली खरंच चांगली गायची गं."

"डोळे मिटा, आई," थोरली म्हणाली. "पाणी ओततेय ती."