टोपी नसलेला स्पीकर

सोमवारी सकाळी नवरा पूजेला बसल्याचं बघून शांतव्वानं घरातला टीव्ही मुद्दाम बिघडवला.

त्याला काही फार खटपट लागली नाही. माळ्यावर एक जुना स्पीकर लाकडी डब्यासकट पडून होता. तो तिनं उतरवला, पुसला, टीव्हीच्या डाव्या अंगाला खेटून ठेवला. वर क्रोशाचा रुमाल टाकला, रुमालावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी. वायर कुठंच जोडली नाही. आवाज तिला नकोच होता. तिला हवं होतं त्या डब्याच्या पोटातलं लोहचुंबक, आणि लोहचुंबकाला वायर लागत नाही.

हे तिला ठाऊक असायचं कारण म्हणजे नवरा. शशिधर टीव्ही दुरुस्त करायचा. सव्वीस वर्षं नाल्याकाठी त्याचं दुकान होतं, आणि घरी घेऊन आलेल्या कामात शांतव्वा त्याचा तिसरा हात होती. लोकांच्या घरी मोठे स्पीकर आले, तशी टीव्हीवरची माणसं एका बाजूनं हिरवी-जांभळी व्हायला लागली. शशिधर आधी सांगून बघायचा की डबे हातभर लांब ठेवा. शोकेसमध्ये हातभर जागा कुणाकडं असते? मग तो स्पीकर उघडायचा, चुंबकाच्या पाठीवर दुसरं चुंबक उलटं चिकटवायचा आणि दोन्हींवर पत्र्याची जाड टोपी बसवायचा. चुंबकाची ओढ आतल्या आत मिटायची. उलटी चुंबकं मात्र एकमेकांजवळ थांबत नाहीत, भांडल्यासारखी उडतात. गोंद वाळेपर्यंत त्यांना दाबून धरायचं काम शांतव्वाचं. ती त्यावर सरळ वरवंटा ठेवायची. माळ्यावरचा हा डबा घरचा, म्हणून टोपीवाचून राहिलेला.

दोन हजार पाचच्या पुरात दुकानात छातीएवढं पाणी चढलं. पाणी उतरल्यावर शशिधरनं दुरुस्तीला आलेला लोकांचा एकेक टीव्ही उघडला, आतला चिखल पाहिला आणि झाकण परत लावलं. सगळ्यांचे स्क्रूसुद्धा आवळले. ज्यांचे होते ते आले, पण वेडंवाकडं कुणीच बोललं नाही. त्यांच्यातले हंबीरराव तर म्हणाले, आमची म्हस गेली पावणं, टीव्हीचं काय घेऊन बसलाय. कुणीतरी चार शिव्या घालायला हव्या होत्या, असं शांतव्वाला पुढं कितीदा वाटलं. शशिधरनं शटर ओढलं, घरी येऊन खुर्चीत बसला, त्याला आता सहा महिने होत आले.

अंघोळ, लिंगपूजा, कपाळाला विभूती, मग खुर्ची. टीव्हीवर जे लागेल ते. विचारलं तर 'हं'. कुरुंदवाडहून तिचा भाऊ येऊन दोन तास समजावून गेला, तेव्हाही 'हं'च. एकदा तिनं आमटीत मीठच घातलं नाही. त्यानं वाटी पुसून खाल्ली. तिला रडू यायला पाहिजे होतं, पण तिच्याही आत तसं काही हलेना झालं होतं. भांडी घासताना हात बधिर होतात, तशी ती सगळीच झाली होती. शेवटी तिनं ठरवलं, माणूस बिघडला तर बिघडला, पण मेकॅनिक कुठंतरी शिल्लक असंल. वाकडं चित्र त्याला सोसायचं नाही. लग्नाच्या पंगतीतून उठून तो यजमानाच्या टीव्हीचा रंग नीट करून आलेला होता.

सोमवारी दुपारच्या बातम्यांत बाईचा डावा गाल शेवाळासारखा झाला. शशिधर बघत होता. मंगळवारी शांतव्वानं डबा आणखी फिरवून चुंबकाची बाजू काचेकडं केली. आता अर्धी बाई जांभळी. शशिधर बघत होता. बुधवारी संध्याकाळी शेजारच्या शालूबाई मालिका बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, तुमच्या टीव्हीला कावीळ झालीया की ओ. का मेकॅनिक मिळंना गावात?"

शांतव्वानं श्वास धरला. शशिधर म्हणाला, "हं."

शुक्रवारी तिला लाज वाटली. पाच दिवस आपण ह्या माणसाला जांभळी तोंडं दाखवतोय, आणि तो मुकाट्यानं बघतोय. हे आजारी माणसाच्या ताटात खडे टाकण्यासारखं झालं. जेवणं झाल्यावर तिनं कुंडी उचलली, रुमाल घडी केला आणि डबा परत माळ्यावर टाकला.

जांभळा डाग तसाच राहिला.

तिनं टीव्ही बंद केला, अर्ध्या तासानं लावला. डाग फिकट झाला, गेला नाही. मग तिला आठवलं. चुंबक पाच दिवस खेटून बसलं, तर काचेमागच्या लोखंडी जाळीला त्याचा गुण लागतो, नुसतं चुंबक हलवून तो जात नाही. त्याला कॉईल फिरवावी लागते. कॉईल ट्रंकेत होती. घरच्याच पातेल्यावर तांब्याची तार गुंडाळून शशिधरनं केलेलं ते ताटाएवढं कडं, वर सुती पट्टी, दाबायचं एक बटण. तिनं ते कधी हातात धरलेलं नव्हतं, फक्त शेकडो वेळा बघितलेलं. नवऱ्याकडं न बघता तिनं प्लग लावला. आता तिच्या मनात त्याला उठवायचं वगैरे काही नव्हतं. केलेलं निस्तरायचं होतं.

बटण दाबलं तशी कॉईल हातात गुणगुणायला लागली. काचेवर रंगांचा नुसता काला झाला. ती आरतीसारखी गोल फिरवत राहिली. हात दुखला. झालं असंल, असं वाटून तिनं अंगठा सैल केला.

"सोडू नगं."

खुर्चीतून आवाज आला होता. घसा बसल्यासारखा. तिनं अंगठा परत दाबला.

"तितं सोडलंस तर आणिक बिघडंल. फिरवत मागं ये."

ती एक पाऊल मागं आली, मग दुसरं. रंग हळूहळू निवत होते.

"अजून."

"अजून कुठं? तुमची खुर्ची हाय मागं."

"ये की."

ती मागं सरकली आणि तिच्या पोटऱ्या त्याच्या गुडघ्यांना टेकल्या. त्यानं गुडघे हलवले नाहीत. हात पुढं करून तिचं मनगट धरलं, कॉईल आडवी केली.

"आता सोड."

गुणगुण थांबली. बातम्यांतली बाई गव्हाळ झाली होती, दोन्ही गालांनी. शशिधरनं हात काढून घेतला. शांतव्वा तशीच, पाठमोरी उभी राहिली.

"माळ्यावरचा डबा हुता न्हवं," तो म्हणाला. "सोमवारीच दिसला."

"मग बोलला का न्हाई?"

तिला वाटलं, आता 'हं' म्हणेल.

"काय की," तो म्हणाला. "बोलायचं म्हणत हुतो रोज."

ती वळली. त्याचे डोळे टीव्हीकडं नव्हते, तिच्या हातातल्या कॉईलकडं होते. कडेची पट्टी एका जागी सुटली होती आणि आतली तार उघडी दिसत होती. शांतव्वानं प्लग काढला, कॉईल त्याच्या मांडीवर ठेवली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. दारातून तिनं एकदाच वळून बघितलं. तो अंगठ्यानं पट्टी दाबत होता, ती पुन्हा सुटत होती, आणि तो पुन्हा दाबत होता.