खंडेनवमीचा कापूस

निवृत्तीनंतर माझ्या नवऱ्यानं घरामागे चार भाज्या लावाव्यात असं मला फार वाटत होतं. त्याऐवजी घरात रायफल आली.

ती वॉल्टरची. वॉल्टर आणि गिरीश पार्सिपनीजवळच्या एका टूल कंपनीत तीस वर्षं शेजारीशेजारी बसले. गेल्या हिवाळ्यात वॉल्टर गेला आणि मृत्युपत्रात ही जुनी लिव्हर रायफल गिरीशच्या नावानं ठेवून गेला. ट्रिगरभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून वर केली की पुढची गोळी चढते, त्या जातीची. कागदपत्रं, तिजोरी, सगळं रीतसर झालं. ती तिजोरी ज्या खोलीत आहे तिथे मी इस्त्रीचे कपडे ठेवायलाही जायची नाही. मला बंदुकीची भीती वाटते आणि ती मी कधी लपवलेली नाही.

पण गिरीशना नेमच धरता येईना. रायफलवर मागे एक खाच असते आणि नळीच्या टोकाला एक मणी, त्याला माशी म्हणतात. खाच, माशी आणि समोरचं निशाण एका रेषेत आणायचं. एकोणसत्तराव्या वर्षी, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर, त्यांना तिन्हींपैकी एकच काहीतरी स्पष्ट दिसे.

"खाच म्हणजे नुसतं धुकं दिसतं गं," ते म्हणाले.

"मग सोडून द्या," मी म्हटलं.

सोडतात कसले. उन्हाळाभर पीप साइटचा अभ्यास चालला. पीप साइट म्हणजे मधे भोक असलेली चकती. ती खाचेच्या जागी नाही, डोळ्याच्या बरीच जवळ बसते. भोकाकडे बघायचं नाही, भोकातून बघायचं. "डोळा आपला आपण मध्य शोधतो, उत्तरा. मला फक्त माशी सांभाळायची." मोठं भोक घेतलं तर उजेड भरपूर, पण नेम थोडा ढोबळ. लहान घेतलं तर नेम बारीक, पण ढगाळ दिवशी अंधार. यांना रेस्टॉरंटमध्ये सूप निवडायला वीस मिनिटं लागतात, इथे तर अडीच महिने गेले. शेवटी पोलादाची एक साइट आली आणि तिच्यासोबत दोन चकत्या, एक मोठ्या भोकाची आणि एक लहान. म्हणजे निवड पुन्हा लांबणीवर.

बसवण्याचा कार्यक्रम माझ्या किचन टेबलावर झाला. रायफल रिकामी असल्याचं तीनदा बघितलं. रायफलच्या बाजूला साइटसाठी ठेवलेली भोकं बुजवायला कंपनीनं लावलेले दोन छोटे स्क्रू होते, त्यांच्या खाचेत नीट बसेल असं स्क्रूड्रायव्हरचं टोक घासून घेतलं. नवे स्क्रू आत टोचून कडी अडकत नाही ना ते पाहिलं, मग सैल होऊ नये म्हणून प्रत्येकाला निळ्या गोंदाचा एक थेंब. पितळी ठोकणीनं जुनी खाच हलकेच ठोकून बाहेर काढली. हे करताना त्यांचं प्रवचन चालूच होतं. "नळी नेहमी मोकळी हवी. चिखल, बर्फ, चिंधी, काहीही अडकलेलं असताना गोळी उडवली तर नळी फुटू शकते. आणि आता तर माझ्या डोळ्यापाशीच पोलाद असणार." मी मटार सोलत होते. ऐकलं, पण मटार सोलताना जेवढं ऐकावं तेवढंच.

खंडेनवमीला आम्ही दरवर्षी हत्यारांची पूजा करतो. गिरीशचे मायक्रोमीटर, माझी विळी, शिवणयंत्र. आदल्या दिवशी सगळं घासूनपुसून लख्ख करायचं, पूजेच्या दिवशी कशाला हात लावायचा नाही आणि दसऱ्याला तसंच कुंकवासकट कामाला घ्यायचं. यंदा पाटावर रायफलही आली. गिरीशनी तिची नळी आदल्या दिवशी साफ केली होती. मी हळदकुंकू वाहायला बसले आणि वाटलं, ओलं कुंकू नळीत गेलं तर गंजेल. वातीच्या कापसाचा एक घट्ट बोळा करून मी तोंडाशी बसवला. बाहेरून तो बरा दिसेना, म्हणून उदबत्तीच्या काडीनं आत ढकलला. आणि ढकलताना मी त्या रायफलला मनात म्हटलं, गप्प बस आता.

पूजा झाली, पुरणपोळी झाली, कापूस तिथेच राहिला.

दसऱ्याला सकाळी गिरीश रायफल केसमध्ये घालून नेमबाजीच्या क्लबला गेले. नव्या साइटमधून पहिली गोळी मुहूर्तावर उडवायची होती. सव्वानऊला मी निरांजनासाठी वाती वळायला कापसाचा डबा उघडला आणि माझे हात थांबले.

फोन केला. वाजत राहिला. गोळीबाराच्या रेंजवर जाताना ते फोन गाडीत ठेवतात. क्लबला केला, तर रेकॉर्ड केलेली बाई वेळापत्रक सांगू लागली, दहा वाजता गोळीबार सुरू. उर्वीला नेपरव्हिलला फोन लावणार होते. पण लेकीला सांगू काय, की बाबांच्या बंदुकीत मी बोळा कोंबलाय?

रूट ८० वर मी आयुष्यात कधी चालवली नव्हती तेवढ्या वेगानं गाडी चालवली. रूट १५ सोडल्यावर आतल्या रस्त्यावर पुढे स्कूलबस थांबली, लाल दिवे लागले. एक मुलगी दप्तर ओढत सावकाश चढली. दिवे विझेपर्यंत मी स्टिअरिंग धरून बसले. मला गिरीशचा डोळा दिसत होता, उजवा, ज्यात मी महिनाभर दिवसातून चार वेळा थेंब घातले होते. आणि त्याहून वाईट एक विचार येत होता. काही झालं तर मी म्हणणार, चुकून झालं. ते खरंच होतं. पण "गप्प बस" हेही खरंच होतं.

क्लबच्या पार्किंगमध्ये दार उघडलं आणि पहिला बार ऐकू आला. दुसरा झाला. तिसरा. प्रत्येक बाराला वाटे, हाच. मी धावले.

गिरीश चौथ्या टेबलाशी बसले होते. कानांवर आवाज अडवणारे मफ, गाल रायफलच्या दस्त्याला टेकलेला. मी "अहो, थांबा" म्हटलं, पण ते कुणाला ऐकू जाणार. जमिनीवर पिवळी रेघ होती, तिच्यापलीकडे जायचं नाही. तेव्हा त्यांनीच सांगितलेलं आठवलं, रेंजवर कुणीही, पोरानंसुद्धा, सीज फायर म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं.

मी ओरडले. "सीज फायर! सीज फायर!"

रेंजवर देखरेख करणाऱ्या, नारिंगी जॅकेट घातलेल्या बाईनं तेच दुप्पट आवाजात म्हटलं आणि सगळं शांत झालं. सगळ्यांनी बंदुका खाली ठेवल्या. गिरीशनी कडी ओढली, चढवलेली गोळी बाहेर पडली. मग ते वळले आणि मला बघून त्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, उर्वीला काही झालं.

"नळीत कापूस आहे," मी म्हणाले. मला रडू आवरेना.

त्या बाईनं मळसूत्री टोकाची सळई नळीत फिरवून बोळा बाहेर ओढला. कुंकवानं एका बाजूनं लाल झाला होता. तिनं रागानं विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी," गिरीश म्हणाले. "माझी चूक. नळी बघायला हवी होती."

"किती गोळ्या उडवल्यास?"

"एकही नाही. कुठली चकती लावावी, ते ठरत नव्हतं."

अर्ध्या तासानं रेंज पुन्हा सुरू होणार होती. आम्ही रेघेअलीकडच्या बाकावर बसलो. मी त्यांना सगळं सांगितलं. बोळ्याचं, काडीचं आणि "गप्प बस"चंही. मग त्या बाईची परवानगी काढून त्यांनी मला रेघेपलीकडे नेलं. रायफल टेबलावर रिकामी होती, कडी उघडी. नळीत उजेड पडावा म्हणून आत पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवून ते म्हणाले, "टोकाकडून बघ."

"मी कशाला?"

"मी बघितलं तर मला नुसतं अंधुक भोक दिसतं. तू बघितलंस तर मला भीती वाटणार नाही."

मी वाकले. नळीत गोल गोल फिरत गेलेल्या रेषा होत्या आणि शेवटी स्वच्छ उजेड.

"मोकळी आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

मी पुन्हा वाकून बघितलं. मग मान डोलावली आणि रेघेमागे येऊन उभी राहिले. रेंज सुरू झाल्याची हाक झाली. त्यांनी मोठ्या भोकाची चकती लावली, एक गोळी भरली आणि गाल टेकवायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मी डोळे उघडे ठेवून म्हटलं, "हं."