आधी रामेश्वर

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे भाईंना, पाडव्याच्या सुमारास झटका आला आणि त्यांची वाचा गेली. हातपाय वाचले, समजतंही सगळं, पण शब्द काही बाहेर येईना. अख्ख्या जामसंड्यात गाऱ्हाणं घालावं तर भाईंनीच. नवी होडी पाण्यात जायची असो की कुणाचं दुकान उघडायचं असो, नारळ ठेवून ते ग्रामदेव रामेश्वराला हाक मारायचे आणि जमलेली माणसं "होय म्हाराजा" म्हणायची. असा माणूस चहा हवा तर मुकाट कपाकडे बोट दाखवतो. बघवत नव्हतं हो.

डॉक्टर म्हणाले, बोलत राहा त्यांच्याशी, वाचा आली तर अशीच येईल. बोलत राहा म्हणे! सांगायला काय जातं? मी कप दाखवून "चहा" म्हणायची. ते माझ्या ओठांकडे बघत "च... च..." करायचे आणि रागाने मान फिरवायचे. मीही तापट. कप आपटून आत निघून जायची आणि मोरीत जाऊन रडायची.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "शर्मिला, तुजो क्लास परत सुरू कर गो. घरात जरा माणसांचो आवाज होऊंदे." माझा क्लास म्हणजे घरी पर्यटक ठेवणाऱ्या बायकांसाठी बोलायचं इंग्रजी. भाई आजारी पडल्यावर तो बंदच केला होता.

पहिल्या दिवशी पडवीत बायका जमल्या. कोपऱ्यात खुर्चीवर भाई. फळ्यावर मी मुद्दाम सुरुवात करण्याचीच क्रियापदं लिहिली: स्टार्ट, लाँच, रिझ्यूम, रिव्हाइव्ह. पंप स्टार्ट करतात, होडी लाँच करतात. रिझ्यूम म्हणजे काम जिथे थांबलं तिथून पुढे चालू करायचं. आणि रिव्हाइव्ह म्हणजे जे गेल्यात जमा होतं, त्यात परत जीव आणायचा.

"बाई, ह्या शेवटचा माणसाक चलता?" त्यांतल्या अपेक्षाने विचारलं. सगळ्यांची नजर खुर्चीकडे गेली.

"चालतं. पुढे चला," मी तुटकपणे म्हटलं.

तेवढ्यात सासूबाई नारळ घेऊन बाहेर आल्या. "थांब गो! गाऱ्हाण्याशिवाय कसला स्टार्ट नि कसला काय?"

माझं डोकंच फिरलं. "आई, आता गाऱ्हाणं घालणार कोण? कशाला त्यांच्या जखमेवर मीठ चोळता?"

"मी घालतंय."

बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं आमच्या घरात कधी कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी पाटावर नारळ ठेवला, हात जोडले. "बाय सातेरी भद्रकाली..."

सातेरी भद्रकाली आरोंद्याची, म्हणजे त्यांच्या माहेरची देवी. सगळा संसार जामसंड्यात झाला आणि ऐन वेळी घाबरून सासूबाईंचं तोंड वळलं ते माहेराकडे! पुढे चालूच, "आज ह्या लेकीन जो काय क्लास..."

"रामेश्वर!"

खुर्ची करकरली. भाई अर्धे उठले होते, चेहरा लालबुंद. "आधी रामेश्वर! तुजा म्हायार मगे!"

माझ्या हातातला खडू पडला. भाईंनी हात जोडले आणि त्यांच्या त्या जुन्या चालीत सुरू झाले. "बा देवा रामेश्वरा, आज ह्या सुनेन जो काय क्लास परत सुरू केल्यान हा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"काय चुकला माकला आसात, ता पदरात घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळ्या रडत होतो, त्यात मी सगळ्यात जास्त.

"अवो, परत ओरडा माज्यार," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. भाईंनी तोंड उघडलं, पण काहीच आलं नाही. गाऱ्हाणं संपलं तशी वाचाही संपली. बायका उठून गेल्या. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं कधीकधी असं शाबूत राहतं. त्याचाच हात धरून पुढे न्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाईंनी पुन्हा कपाकडे बोट दाखवलं. सासूबाईंनी कप उचलला, पण दिला नाही. समोर बसून हात जोडले आणि मोठ्याने सुरू केलं, "बाय सातेरी भद्रकाली, आमच्या ह्यांका काय होया ता..."

"रामेश्वर!" भाई गरजले. "आधी रामेश्वर! बा देवा रामेश्वरा, माका..." ते अडकले. "माका च... च्या... च्या दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.